गच्चीकडे जाणारी लिफ्ट

शहरातल्या सगळ्यात जुन्या उत्तुंग इमारतीचा लिफ्टमन वर जाताना माईकवरून तिचा इतिहास सांगायचा. तो गच्चीवरच्या पाहुण्यांनाही ऐकू जाई. त्याचं बोलणं मध्येच थांबलं, की पहारेकरी धावत येत.

आज लिफ्टमध्ये त्याची धाकटी बहीण आणि तिचा नवरा एवढेच होते. बहिणीचा डोळा काळानिळा पडला होता.

"दारावर आपटली, वेंधळी कुठली!" मेहुणा हसला.

लिफ्टमनच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने दांडा ओढून लिफ्ट अधांतरी थांबवली. मेल्याला ओरडायला श्वासच उरू नये म्हणून आधी पोटात गुडघा घातला.

"मंडळी, या इमारतीचा पाया थेट खडकात आहे," तो माईकवर मधाळ आवाजात म्हणाला आणि एक थोबाडीत ठेवून दिली. "ही पितळी दारं तर शंभर वर्षं जशीच्या तशी आहेत," म्हणत मेहुण्याचं डोकं त्याच दारावर आपटलं. नाकातून रक्ताची धार लागली.

मग माईकवर हात ठेवून तो बहिणीकडे वळला. ती कोपऱ्यात अंग चोरून, दोन्ही हातांनी डोकं झाकून उभी होती.

"घाबरतेस काय वेडे? मी आहे ना!"

"दादा," ती म्हणाली, "शेजाऱ्यांना कळू नये म्हणून तोही अस्साच गोड बोलत मारतो."