गैरहजेरीचे अकरा दिवस

“इथं आता नर्सा न्हाई होत बाई, डॉक्टर होतेत,” लिंबाजी म्हणाला आणि फाटकाला टेकून हसला.

सबिहा वर पाहत राहिली. नर्सिंग स्कूलची पाटी होती त्या जागी आता क्लासचा भला मोठा फलक लागला होता. त्यावर डॉक्टर होऊ घातलेल्या शंभरेक मुलामुलींचे फोटो होते, सगळे एकाच निळ्या पडद्यापुढे काढलेले. एप्रिलचे ऊन फलकावरून उसळून डोळ्यांत शिरत होते. नांदेडच्या दवाखान्यातली रात्रपाळी संपवून ती थेट स्टँडवर गेली होती. लोहा, अहमदपूर, चाकूर ही गावे तिने मिटत्या डोळ्यांनी पाहिली होती आणि लातुरात उतरल्यावरही आपण अजून एसटीतच आहोत असे तिला वाटत होते.

“आणि आमचे रजिस्टर, लिंबाजीमामा? शाळेचे कागद?”

“निम्मे वाळवीनं खाल्ले. निम्मे पार्वतम्मा मॅडम पेटीत घालून घेऊन गेल्या. ट्रस्टवाले म्हणले, रद्दीत घाला. मॅडम म्हणल्या, ह्या माझ्या पोरी हायेत, रद्दी न्हाई.” लिंबाजी तेव्हाही इथे शिपाई होता, आताही होता. “शिरूर अनंतपाळला असत्यात आता, भाच्याकडं. जा, अजून जीप मिळंल.”

सबिहाच्या पिशवीत एक फॉर्म होता. तिला आयर्लंडला नर्स म्हणून काम करायचे होते, आणि त्यासाठी इथली नोंदणी तिथे मान्य व्हायला हवी होती. इंग्रजीची परीक्षा ती हैदराबादला जाऊन दुसऱ्या खेपेस पास झाली होती. मुंबईच्या नर्सिंग कौन्सिलचा दाखला गेला होता. राहिला होता एवढा एकच कागद. कुठल्या विभागात किती तास शिक्षण घेतले ते शाळेच्या प्रमुखाने भरून सही करायची होती. शाळा बंद पडली असेल तर शेवटच्या प्रमुखाची, म्हणजे पार्वतम्मांची, सही चालणार होती.

चाळिशीला आलेली बाई एवढा खटाटोप कशासाठी करते, हे दवाखान्यात सगळे आपापल्या परीने समजून घेत. पगारासाठी, कुणी म्हणे. मुलीच्या शिक्षणासाठी, असे ती स्वतःच सांगे. खरे तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते. गेल्या पावसाळ्यापासून आयसीयूत सलाइनचे थेंब मोजता मोजता तिच्या ओठांवर त्या देशातल्या गावांची नावे यायची. एनिस. गॉलवे. लेटरकेनी. कुणीतरी लांबून हाक मारावी तशी ती नावे वाटत. समुद्र तिने कधी पाहिला नव्हता. पण हल्ली दुपारच्या झोपेत तिला पाण्याचा आवाज यायचा, आणि जाग आली की नांदेडच्या इतवारा भागातल्या तिच्या खोलीत नुसता कूलर चालू असायचा.

काळी-पिवळी जीप तिन्ही बाजूंनी माणसांनी भरली होती. मधल्या सीटवर अंग चोरून बसलेल्या सबिहाला पुन्हा डुलकी लागली.

पार्वतम्मा ओसरीत खाटेवर बसल्या होत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे वय, पांढरे लुगडे, कपाळावर विभूती. ज्यांच्या चपलांच्या आवाजाने सगळे होस्टेल गप्प व्हायचे, त्या याच बाई, हे पटायला सबिहाला क्षणभर वेळ लागला.

“यारु? कोण हाय?”

“मी सबिहा, मॅडम. नांदेडची. शेख मुनीबची मुलगी. दोन हजार तीनची बॅच.”

“रोल नंबर?”

“सतरा.”

“सतरा.” म्हातारीने मान हलवली. “इंजेक्शन देताना स्वतःच डोळे मिटणारी. कूड, कूड. बस खाली.”

भाचा राजशेखर याने आतून पत्र्याची पेटी आणली. रजिस्टरे जुन्या चादरीत बांधून ठेवली होती. पार्वतम्मांनी भिंग डोळ्याला लावले आणि सतरा नंबरचे पान काढले. त्या आकडे सांगत गेल्या, सबिहा फॉर्मवर लिहीत गेली. मेडिकल, सर्जिकल, लहान मुले, मानसोपचार. ओसरीत वारा येत होता. आपण पुन्हा वर्गात आहोत आणि फळ्यावरचे उतरवून घेतोय, असे तिला वाटू लागले. इतके सोपे होते तर आपण उगीच घाबरलो.

मग प्रसूती विभाग आला आणि पार्वतम्मांचे भिंग थांबले.

“इथं अकरा दिवस गैरहजर हायस तू.”

सबिहाने मान वर केली. ते तिला आजवर माहीत नव्हते. कोणते अकरा दिवस, ते मात्र विचारावे लागले नाही.

“मॅडम, ते अकरा दिवस मी...”

“माझ्यापाशी होतीस.”

तिसऱ्या वर्षाची दिवाळीची सुट्टी. होस्टेल रिकामे. पार्वतम्मांना टायफॉइड झाला होता आणि त्यांच्याजवळ घरचे कुणी नव्हते. लेबर रूमच्या पोस्टिंगसाठी मागे राहिलेली सबिहा तिकडे गेलीच नाही. अकरा दिवस ती त्यांच्या खोलीत राहिली. कपाळावर घड्या ठेवल्या, अंग पुसले, पेज भरवली.

“तुमीच म्हणलात, कुणाला कळवू नको म्हणून.”

“मला ठाव हाय. माझी उलटी तू हातात झेललीस. तू नसतीस तर मी मेले असते.”

“मग गैरहजर कसं लिहिलं?”

“मग काय लिहू? त्या अकरा दिवसांत लेबर रूममधी एक तरी बाळ तुझ्या हातावर आलं का?”

आत राजशेखरची बायको कप मांडत होती.

“लिहा की मॅडम आता. वीस वर्सं काम करून राहिले मी. अकरा दिवसांनी काय होतंय?”

“वीस वर्सं लेबर रूममधी?”

“न्हाई. आयसीयूत.”

“तिकडली कुणी बाई माझी सही बघून तुझ्या हाती बाळंतीण देणार. ती मला कधी दिसणार न्हाई. तिला मी काय म्हणून खोटं सांगू?” पार्वतम्मांचा आवाज थकला, पण खाली आला नाही. “आणि तवा हजर लिहिलं असतं, तर पुढच्या बॅचच्या पोरी माझे पाय चेपायला रांगेत उभ्या राहिल्या असत्या. हजेरी मिळती म्हणून.”

त्यांनी खरा आकडा सांगितला. सबिहाने तो लिहिला. त्यांनी चाचपडत, अक्षर अन् अक्षर सावकाश काढत सही केली. सबिहाने चहा घेतला नाही. निघताना पाया पडायची तिची सवय होती, तीही त्या दिवशी मोडली.

परतीच्या एसटीत फॉर्म मांडीवर होता. तासांच्या आकड्यात मधला आकडा इंग्रजी तीन होता. तिनाचा आठ करायला दोन बाक पुरले असते, आणि पेन पर्समध्ये होते. अहमदपूर गेले, लोहा आले. बाहेर शेते धुरकट होत गेली आणि सबिहा त्या तिनाकडे पाहत राहिली. म्हातारीने तिला दोनदा अडवले होते, एकदा तेव्हा आणि एकदा आता. तिला खूप राग आला होता. पण रागावून म्हातारीची आठवण काढावी तर समोर यायचा तो तापाने फणफणलेला, डोळे मिटून तिच्या मांडीवर पडलेला चेहरा. पेन पर्समधून बाहेर आले नाही.

नवरा ताहेर घड्याळे दुरुस्त करायचा. त्याने डोळ्याची काच न काढता सगळे ऐकून घेतले.

“जैसा है वैसा भेज दे,” तो म्हणाला. “वापस आया तो देखेंगे.”

फॉर्म परत आलाच. ऑगस्टमध्ये आयर्लंडहून पत्र आले. प्रसूती विभागातले तास अपुरे आहेत, मान्यताप्राप्त रुग्णालयात ते पूर्ण करून दाखला पाठवावा. तोवर तिथे ठरत आलेली तिची नोकरी दुसऱ्या कुणाला गेली. मुलगी मनतशा पत्र वाचून म्हणाली, “अम्मी, जाने दो ना अब.” सबिहाने पत्र कपाटात ठेवले आणि दोन दिवस ते पुन्हा काढले नाही. तिसऱ्या दिवशी ती सरकारी दवाखान्यात अर्ज घेऊन उभी होती. परवानगी मिळायला दिवाळी उलटली.

लेबर रूमची सिस्टर बुद्धप्रिया जेमतेम सव्वीस वर्षांची होती. पहिल्या दिवशी तिलाच अवघडल्यासारखे झाले.

“मावशी... म्हंजे सिस्टर, तुमाला मी काय शिकवू?”

“सगळं,” सबिहा म्हणाली. “मी विसरले. काही तर शिकलेच न्हाई.”

विद्यार्थिनी पोरी तिच्याकडे चोरून पाहत. त्यांच्यासोबत ती रांगेत उभी राहिली, सांगेल ते धुतले, सांगेल तिथे धरले. आयसीयूत माणूस जाऊ नये म्हणून ती वीस वर्षे झटली होती. इथे माणूस येत होता. त्याची तिला सवय नव्हती. सगळीकडे वाफ, रडणे, फिनेलचा वास, आणि अधूनमधून एकदम पडणारी शांतता. त्या शांततेत सबिहाला वाटे, आपण फार खोल पाण्यात उभ्या आहोत आणि वर कुठेतरी उजेड आहे.

पाचव्या दिवशी अर्धापूरकडची एक पोरगी आली, जेमतेम एकवीस वर्षांची. ती किंचाळत नव्हती. नुसती सबिहाचे मनगट धरून होती.

“बाई, तुमी जाऊ नका.”

“न्हाई जात.”

“ड्युटी संपली तर?”

“संपली तरी न्हाई जात.”

बुद्धप्रियाने मागून सांगितले, “आता हात खाली धरा. ओढू नका. येऊ द्या.” आणि ते आले. निळसर, निसरडे, गरम. पहिल्या क्षणी रडलेच नाही. सबिहाने बाळाची पाठ चोळली, एकदा, दोनदा. मग त्याने तोंड उघडले आणि साऱ्या खोलीला आपला आवाज ऐकवला. सबिहा भिंतीला टेकून उभी राहिली. हे तिला येत नव्हते. चाळीस वर्षांच्या वयापर्यंत, एवढ्या अनुभवानंतरही, हे तिला येत नव्हते, आणि शिरूरच्या त्या ओसरीत एका बाईला ते माहीत होते.

अकरा दिवस भरले. दाखला गेला. फेब्रुवारीत नोंदणी झाल्याचे पत्र आले आणि मार्चमध्ये लेटरकेनीजवळच्या एका वृद्धाश्रमाने तिला बोलावले.

निघायच्या आठ दिवस आधी ती पुन्हा शिरूर अनंतपाळला गेली. राजशेखर दारातच म्हणाला, “ताई, आता वळखत न्हाईत त्या. दोन महिने झाले.”

पार्वतम्मा आतल्या खोलीत निजून होत्या. पाठ लाल झाली होती, केसांच्या जटा झाल्या होत्या. सबिहाने पदर खोचला. पाणी गरम करून घेतले, अंग पुसले, चादर बदलली, पाठीला तेल लावले. राजशेखरच्या बायकोला कुशीवर कसे वळवायचे ते करून दाखवले. मग म्हातारीला उशीला टेकवून बसवले आणि खोबरेल लावून एकेक जट सोडवायला घेतली.

“नवी हायेस का गं तू?” पार्वतम्मांनी विचारले.

सबिहाचा हात थांबला. “हाव, मॅडम.”

“पोस्टिंग कुठं हाय तुझी?”

“लांब हाय. समुद्रापाशी.”

“मग जा की येळेवर. पेशंट वाट बघत असत्यात.”

बाहेर जीपवाल्याने हॉर्न दिला. लातूरची शेवटची जीप होती. राजशेखर दारात आला आणि तिच्याकडे पाहू लागला.

“त्याला म्हणावं, थांब जरा,” सबिहा म्हणाली.

डाव्या बाजूचे केस अजून राहिले होते. तिने फणी पाण्यात बुडवली आणि दुखू नये म्हणून टोकाकडून सुरुवात केली. पार्वतम्मांनी डोळे मिटून घेतले. बाहेर जीपचे इंजिन बंद झाले.