ऑर्बिनची डावी बाजू

फिडलचा गज हर्शेलच्या कानात गेला तेव्हा गाण्याचं दुसरं कडवं चालू होतं.

"कान आहे तो," हर्शेल बॅन्जो न थांबवता म्हणाला. "खुंटी नाही."

जोएलननं फिडल खांद्यावरून खाली घेतली. "माफ करा हो, मिस्टर हर्शेल. परत झालं."

"मघाशी टोपी, त्याआधी चष्मा, आता कान. अशानं घरी बायको ओळखायची नाही मला."

"तिला बरंच वाटेल," मागून वर्लिन म्हणाला. वर्लिन बास वाजवतो. माणसापेक्षा उंच असं ते वाद्य मिठी मारून, उभ्यानं, सगळ्यांच्या मागे राहून वाजवायचं असतं. त्यामुळे वर्लिनला सगळं दिसतं आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

तालीम गावच्या अग्निशमन केंद्रात चालली होती. बंब बाहेर अंगणात काढून ठेवला होता, कारण बुधवारी संध्याकाळी आमच्या गावात आग लागत नाही. मी भिंतीशी, पाण्याच्या नळ्यांच्या वेटोळ्यावर बसलो होतो. जिल्ह्याच्या साप्ताहिकात पुढच्या आठवड्यात कुठे कुणाचं गाणंबजावणं आहे ते मी लिहितो. कुणाच्या पडवीत, कुठल्या चर्चच्या तळघरात, कुठल्या कुरणात, मंडप आहे की आपापली छत्री आणायची, असं सगळं. मला कुठलंच वाद्य येत नाही, म्हणून रंगमंचावर जाऊन लोकांची ओळख करून द्यायचं कामही माझ्याकडेच आहे. ही मंडळी मला संपादक म्हणतात. मी संपादक कधीच नव्हतो, आणि हे खऱ्या संपादकांनी मला वेळोवेळी सांगितलेलं आहे.

खोलीच्या मधोमध एक माइक उभा होता. चौघांना मिळून एकच, ही आमच्या डोंगरातली जुनी रीत. ज्याची पाळी त्यानं माइकपाशी यायचं, बाकीच्यांनी अंग चोरून वाट द्यायची, आणि हे सगळं वाजवता वाजवता. लहान स्वयंपाकघरात चार बायका पोळणाऱ्या कढया घेऊन फिरतात आणि कुणाला चटका बसत नाही, तसं ते दिसलं पाहिजे. ऑर्बिन स्टिल्टनरच्या मंडळींचं तसं दिसायचं. पण त्यांची फिडल वाजवणारा ऑर्बिन डावरा होता.

साऱ्या जगाच्या फिडलचा गज उजव्या बाजूला बाहेर येतो. ऑर्बिनचा डाव्या बाजूला यायचा. त्यामुळे त्याच्या उजव्या हाताला हर्शेल अगदी खेटून, निर्धास्त उभा राहायचा. डाव्या हाताला डेल्फा, म्हणजे त्याची बायको, गिटार घेऊन. गायची पाळी आली की ती त्या गजाखालून मान वाकवून माइकपाशी यायची. तीस-एक वर्षं ती अशी वाकत आली. लोकांना तो नाचच वाटायचा.

फेब्रुवारीत एका सकाळी शाळेची बस तापायला लावून ऑर्बिन नेहमीसारखा चालकाच्या जागेवर बसला. इंजिन गरम होईपर्यंत तो थंड झाला होता. पोरं अजून घराघरातून निघायची होती, एवढं एक बरं.

आता त्याच्या जागी जोएलन आली होती. चाळिशीची बाई, शेजारच्या गावात दातांच्या डॉक्टरकडे मदतनीस. दिवसभर लोकांच्या तोंडात हात घालून कुणाला ओरखडा येऊ न देणारी. फिडल तर ती अशी वाजवायची की वर्लिनसुद्धा एकदा "हं" म्हणाला होता. पण ती उजवी. तिचा गज नेमका हर्शेलच्या डोक्यात जायचा. आणि दुसऱ्या बाजूला, जिथे काहीच नव्हतं, तिथे डेल्फा मान वाकवायची.

"सोपं आहे," जोएलन हळूच म्हणाली. आमच्याकडे वयानं मोठ्या बाईला, लग्न झालेलं असलं तरी, मानानं मिस म्हणतात. "मिस डेल्फा आणि मिस्टर हर्शेल, तुम्ही दोघांनी जागा बदलल्या तर? तुम्हाला वाकायची सवय आहेच. फक्त बाजू दुसरी."

डेल्फानं गिटारची एक तार पिळली. "नको."

"नाहीतर मग मला वेगळा माइक..."

"मग आपापल्या घरीच का नाही गायचं प्रत्येकानं?"

"डेल्फा," हर्शेल म्हणाला, "पोरगी म्हणते ते बरोबर आहे. मला दुसरा कान एकच आहे."

"मी हलले तर तो कुठे उभा राहील?"

हे तिनं इतक्या साध्या आवाजात विचारलं, की जणू पाहुणा यायचाय आणि खुर्ची कमी आहे. वर्लिननं सुरात असलेली तार पुन्हा सुरात लावली.

"त्याचा गज कानाजवळून जातो ना," डेल्फा म्हणाली, "तेव्हा वारा लागतो. अजून लागतो मला."

"दार उघडं आहे," हर्शेल म्हणाला. मग त्यानं दाराकडे पाहिलं. दार बंद होतं. नंतर बराच वेळ त्यानं टोपी काढून आतली शिवण तपासली.

तालीम मोडल्यावर मी डेल्फाला कप विसळायला मदत केली. म्हणजे ती विसळत होती आणि मी कोरडे कप पुन्हा पुसत होतो. शाळेच्या भोजनगृहात तिनं आयुष्य काढलं. जिल्ह्यातल्या निम्म्या लोकांना तिनं घेवडा आणि मक्याचा पाव वाढलेला आहे. कोण पोर घरून उपाशी आलंय ते तिला ताट पुढे करायच्या पद्धतीवरून कळायचं, आणि ती काही न बोलता जास्त वाढायची. तिच्याबद्दल सांगण्यासारखं एवढंच, असं ती स्वतः म्हणते.

"शनिवारचं छापायला द्यायचंय," मी म्हटलं. "नाव काय घालू?"

"जे आहे ते. ऑर्बिन स्टिल्टनर आणि पोरं."

"पोरांत तू धरून?"

"मी पहिल्यापासून पोरांतच आहे."

"डेल्फा, सदराचं नाव 'येत्या आठवड्यात' आहे. त्यात ऑर्बिन..."

"तुला काय माहीत कोण येणार नि कोण नाही?" ती म्हणाली. मग फडकं पिळून वाळत घातलं. "हे बघ संपादक, शनिवारी मी गाऊन बघते. नाही जमलं तर गिटार भिंतीला टांगते आणि ओहायोला लेकीकडे जाते. तिच्याकडे खोली आहे. गालिचासुद्धा आहे."

गालिचा हा शब्द तिनं शिक्षा सांगावी तसा उच्चारला.

तेव्हा तिनं वर काही पडलेलं नसताना उजवा खांदा झटकला. ती खूण मला माहीत होती. गजाला राळ लावतात, तिची पांढरी पूड वाजवताना उडते. प्रत्येक कार्यक्रमानंतर डेल्फाच्या गडद निळ्या पोशाखाच्या उजव्या खांद्यावर ती पिठासारखी पडलेली असायची. ऑर्बिन चारचौघांत म्हणायचा, "डेल्फा, कोंडा." ती म्हणायची, "तुझाच." आणि झटकायची. एवढा एकच विनोद त्या दोघांनी मिळून आयुष्यभर वापरला. मी पन्नास नवे करून पाहिले, एवढा एकही टिकला नाही.

मी नाव छापलं. आगामी कार्यक्रमांत दिवंगत माणूस असलेलं ते राज्यातलं बहुधा एकमेव सदर असेल. तक्रारीचं एकही पत्र आलं नाही.

शनिवारी हिकरी फोर्कच्या कुरणात मेळा भरला. सकाळीच लोकांनी आपापल्या घडीच्या खुर्च्या मांडून जागा धरल्या होत्या आणि दुपारभर झाडाखाली टोळक्या-टोळक्यानं वाजवणं चाललं होतं. अग्निशमनवाले तळलेले मासे विकत होते. ऊन डोंगराच्या कडेला लागलं तेव्हा आमच्या मंडळींची पाळी आली.

मी ओळख करून द्यायला निघालो. आधी पुढच्या तारखा सांगायच्या होत्या. जुलैत धरणाजवळ बॅन्जोची स्पर्धा आहे, ऑगस्टमध्ये मेथडिस्ट चर्चच्या अंगणात भजनं आहेत, पाऊस आला तर बॅप्टिस्टांच्या चर्चमध्ये. डावीकडून माइकपाशी जाताना मी मान वाकवली. तिथे कुणी नव्हतं. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं ते पाहिलं आणि हसायचं सोडून टोपी काढून मांडीवर ठेवली.

"ऑर्बिन स्टिल्टनर आणि पोरं," मी म्हटलं.

टाळ्या नेहमीसारख्या लगेच पडल्या नाहीत. आधी कुरणभर टोप्या उतरल्या, मग टाळ्या आल्या.

पहिल्या गाण्यात हर्शेलची टोपी उडाली. लोकांना वाटलं मुद्दाम केलंय. ते खूश झाले. हर्शेलनं पायानं ती बाजूला सारली आणि पुढचं सगळं गाणं मान तिरकी ठेवून वाजवलं. एखादा माणूस टपकणाऱ्या नळाखाली हजामत करून घेतो तसा तो दिसत होता.

दुसरं गाणं संथ. डेल्फानं कडवं म्हटलं, मान वाकवून मागे सरली, आणि जोएलन फिडल घेऊन पुढे आली. ह्या वेळी गज कुणालाच लागला नाही. जोएलननं उजवं कोपर बरगडीला चिकटवून ठेवलं होतं. गज वीतभर जायचा, वीतभर यायचा. सूर खरा होता, पण परक्या घरी धाकट्या पोरानं एकेक घास मोजत खावं तसा निघत होता. तिनं एका बाजूला हर्शेलला जागा दिली होती, दुसऱ्या बाजूला तिनं कधी न पाहिलेल्या माणसाला, आणि स्वतःला कोपर हलवण्यापुरतीही ठेवली नव्हती.

डेल्फा तिच्या कोपराकडे पाहत होती. मी तिला भोजनगृहात असं पाहताना पाहिलं आहे.

मग गिटारची लय न चुकवता ती मागे सरली. वर्लिनच्या बासला पाठीमागून वळसा घातला, आणि दुसऱ्या अंगाला निघून हर्शेलच्या शेजारी उभी राहिली.

"सरक," ती म्हणाली. माइकमध्ये ते स्पष्ट ऐकू आलं.

हर्शेलनं तिच्याकडे पाहिलं आणि काही विनोद केला नाही. तो पुढून डावीकडे गेला. डेल्फा जोएलनच्या उजव्या बाजूला आली आणि खालच्या आवाजात काहीतरी म्हणाली. जोएलनकडून मला नंतर कळलं की ते "पोटभर वाजव" होतं.

जोएलनचं कोपर सुटलं. गज सगळा बाहेर आला, टोकापर्यंत, आणि कुरणाच्या मागच्या कडेला उभे असलेले मासेवाले कढईकडे पाठ करून ऐकू लागले. शेवटचं कडवं आलं. डेल्फा नव्या बाजूनं, अनोळखी गजाखालून, मान वाकवून माइकपाशी आली. अगदी बेतानं. केसालाही धक्का लागला नाही. तिचा आवाज पहिल्या शब्दाला थोडा फाटला, मग जुळला.

मग कोरससाठी हर्शेल पुढे यायला निघाला. डावीकडून. त्या बाजूला आता कुणाचाच गज नव्हता, मोकळी हवा होती आणि तिच्यात बुडत्या उन्हाचा एक पट्टा. हर्शेल त्या पट्ट्यापाशी थबकला, आणि कंबरेतून खाली वाकून त्याच्याखालून आला. सत्तरीच्या माणसाला जेवढं वाकता येतं त्याहून जास्त. परत जातानाही तो तसाच गेला. शेवटपर्यंत, प्रत्येक वेळी.

कुणी हसलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर रंगमंचामागे वर्लिन बासला गोधडी गुंडाळत होता. हर्शेल कंबर धरून फळीवर बसला होता.

"काय रे," वर्लिननं विचारलं, "वाकत कशाला होतास?"

"सवय नाही अजून त्या बाजूची," हर्शेल म्हणाला. "तिथं फार गर्दी आहे."

डेल्फानं गिटार पेटीत ठेवली, खटके लावले, आणि उठता उठता उजवा खांदा झटकला. हात मध्येच थांबला. तिनं मान वळवून खांद्याकडे पाहिलं. निळा रंग स्वच्छ होता.

जोएलन घाईघाईनं आली. "मिस डेल्फा, थांबा, तुमच्या दुसऱ्या खांद्यावर माझी राळ सगळी... झटकते हं मी."

डाव्या खांद्यावर पिठासारखी पांढरी पूड होती. डेल्फानं तिचा हात अलगद बाजूला केला.

"कोंडा आहे," ती म्हणाली.

मग तिनं पेटी उजव्या हातात घेतली आणि गाडीकडे चालू लागली. मी मागोमाग तिची घडीची खुर्ची घेऊन निघालो. वाट ओबडधोबड होती, पण काठोकाठ भरलेलं ताट न्यावं तसा तिनं डावा खांदा गाडीपर्यंत स्थिर ठेवला.