श्यामलाबाईंनी टर्बो बसवला

नवऱ्याचा हट्ट मोडता येत नाही, हे श्यामलाबाईंनी संसाराच्या पहिल्याच वर्षी मान्य केलं होतं. पण त्या हट्टाचं निमित्तच काढून टाकता येईल, हे मात्र त्यांना म्हातारपणी सुचलं. म्हणून एका सकाळी दिवेआगरहून आपली जुनी, लहानशी गाडी घेऊन त्या एकट्याच बोर्ली पंचतनला कुशलच्या गॅरेजात गेल्या आणि म्हणाल्या, "हिला टर्बो बसव."

कुशलच्या हातातला पाना हातातच राहिला. शाळेत याच बाईंनी त्याला भूमिती शिकवली होती. त्यांच्या तोंडून टर्बो हा शब्द ऐकायची त्याची तयारी नव्हती.

"बाई, शर्यतीत उतरताय काय?"

"हो, तुझ्याशीच. बसतो की नाही तेवढं सांग."

गोष्ट साधी होती. निवृत्त झाल्यावर श्यामलाबाई गाडी शिकल्या. नवऱ्याची, हरिभाऊंची, नजर अधू, त्यामुळे चाक त्यांच्या हाती देण्याचा प्रश्नच नव्हता. क्लच दाबायला बाईंचा डावा गुडघा तयार नव्हता, म्हणून ऑटोमॅटिक घेतली, तीही कुणीतरी वापरून सोडलेली. दर शनिवारी दोघं म्हसळ्याला जात. तिथे बाईंची थोरली बहीण कोकिळाताई अंथरुणाला खिळून होती. वाटेत ओढ्यावरची एक मोरी लागते आणि मोरी ओलांडली की उभा चढ, त्यातच वळण. तिथे गाडीला धाप लागे. हरिभाऊ मोरीपाशी न चुकता म्हणत, "थांबव गं. गाडीला भार होतो." मग उतरून ते गाडीमागून पायी चढत. श्यामलाबाई मुंगीच्या पावलांनी गाडी वर नेत आणि त्यांची वाट बघत थांबत.

सुरुवातीला बाईंना याचं कौतुक वाटे. पण दिवाळीच्या सुमारास हरिभाऊंच्या छातीत कळ आली, दोन स्टेंट बसले आणि डॉक्टरांनी बजावलं, सपाटीवर हवं तेवढं चाला, चढ चढायचा नाही. हरिभाऊंनी गंभीरपणे मान डोलावली आणि बरे होऊन निघाल्यावर पहिल्याच शनिवारी मोरीपाशी दार उघडलं. बाई रागावल्या, रडल्या, दोन दिवस अबोला धरून पाहिला. काही उपयोग झाला नाही. स्वतःच्या छातीपेक्षा या माणसाला इंजिनाच्या छातीची काळजी जास्त, हे त्यांच्या मनाला फार लागलं होतं.

"टर्बो बसंल," कुशल डोकं खाजवत म्हणाला. "सायलेन्सरातनं जो धूर वाया जातो ना, त्याच्यावर एक पंखा फिरतो. तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. इंजिन ऐकंल. पर गिअरबॉक्सचं काय? हाताच्या गिअरची गाडी असती तर क्लच घसरला असता, बदलून टाकला असता. हिचं सगळं तेलावर चालतं. ताकद वाढली की तेल तापतं, आतल्या चकत्या घसरतात, आणि मग गिअरबॉक्सच बसतो. त्यापरीस नवी घ्या की बाई. आता टर्बो, ऑटोमॅटिक, सगळं कंपनीतनंच येतं."

"मी हिच्यावर शिकल्ये. मला हीच कळते," बाई म्हणाल्या. "आणि मला उडायचं नाहीये रे. त्या वळणावर दोन माणसांनिशी चढली पाहिजे, बस."

कुशलने बॉनेट उघडलं. हरिभाऊंचं दुखणं त्याच्या कानावर होतंच.

मग त्याने काम मनावर घेतलं. परवानगीचे कागद आधी करून घेतले. लहानसा टर्बो शोधला, हवेचा दाब मुद्दाम कमी ठेवला, इंजिनाला पेट्रोल किती जावं ते नव्याने जुळवलं आणि गिअरबॉक्सचं तेल थंड राहावं म्हणून पुढच्या जाळीमागे वेगळी नळ्यांची चौकट बसवली. गाडी परत देताना त्याने आपल्याच बाईंची शिकवणी घेतली. "चढाला लागायच्या आधी गिअरची दांडी दोनावर आणा. डी-वर ठेवलीत तर ती सारखी गिअर बदलत बसंल आणि तापंल. आणि पाय हळू. एकदम दाबायचा न्हाय."

"व्हय," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि दोघंही हसले.

शनिवारी हरिभाऊंना शेजारी बसवून त्या निघाल्या तेव्हा अंगात वारं भरल्यासारखं झालं होतं. सगळं सांगून झालं: पंखा, हवा, तेल. हरिभाऊ "वा, वा" म्हणत राहिले. मोरी आली.

"थांबव गं."

"अहो, आता कसला भार? ओढते ती!"

"ओढेल की. पण नवीन काम आहे, आज पहिलाच दिवस. थांबव."

त्यांनी चालत्या गाडीतच दाराला हात घातला, तेव्हा बाईंना थांबावंच लागलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि पाण्यामागून संताप आला. मरो मेलं, असं मनात म्हणून त्यांनी दांडी दोनावर आणली आणि पाय दाबला. जितका हळू दाबायचा होता तितका हळू नाही. बॉनेटखालून बारीक शीळ वाजली आणि गाडी वळणावरून अशी वर गेली की बाई स्वतःच घाबरल्या. माथ्यावर पोचल्या तेव्हा त्या एकट्याच हसत होत्या. काय चढली! हे यांनी आत बसून बघायला हवं होतं.

मागे वळून पाहिलं तर रस्ता मोकळा. नेहमी एवढ्यात त्यांची टोपी दिसू लागायची. बाईंनी वाट पाहिली, हॉर्न वाजवला, पुन्हा पाहिलं. मग हसू गेलं. त्यांनी गाडी वळवली आणि उतारावर सोडली.

हरिभाऊ अर्ध्या चढावर, गटाराच्या कडेला बसले होते. टोपी पडली होती, शर्ट घामाने अंगाला चिकटला होता, आणि मांडीवर नारळाएवढा एक दगड होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

बाईंनी आधी त्यांच्या खिशातली गोळी काढून जिभेखाली ठेवली. पाठीवरून हात फिरवत राहिल्या. श्वास ताळ्यावर आल्यावर विचारलं, "हा दगड कशाला?"

हरिभाऊ शाळेत पकडलेल्या मुलासारखे खाली बघत म्हणाले, "पहिल्या वर्षी तुझी गाडी इथे हातभर मागे सरली होती. दरीकडे. तुला कळलंही नाही. तेव्हापासून मोरीपाशी एक उचलतो. मागे यायला लागलीच, तर चाकामागे टाकता यावा. आज..." त्यांना पुन्हा धाप लागली. "आज फार जोरात गेलीस गं. पळालो, पण गाठता येईना."

श्यामलाबाई मट्‌कन खालीच बसल्या. ज्या माणसाला चढावं लागू नये म्हणून त्यांनी एवढा खटाटोप केला, त्याला त्यांनी आज चढावर पळवलं होतं.

"मला वाटायचं तुमचा जीव गाडीवर आहे," त्या म्हणाल्या. "एकदा तरी बोलायचंत!"

"बोललो असतो तर तू घाबरली असतीस. गाडी सोडून दिली असतीस. मग कोकिळाताईकडे कोणी नेलं असतं तुला?"

बाईंनी पदराने आधी त्यांचं तोंड पुसलं, मग स्वतःचं. म्हसळ्याला जाऊन आधी डॉक्टरांना दाखवायचं, मग ताईकडे, असं त्यांनी ठरवून टाकलं. गाडी खाली मोरीपाशी नेऊन पुन्हा वळवली आणि हरिभाऊंपाशी आणून उभी केली. हरिभाऊ उठले, पण दार धरून घुटमळले. दगड हातातच होता.

"मी आत बसलो, तर मागे कोण?"

"मागे कोणी नाही. बसा. तो घेऊनच बसा."

ते दगड मांडीवर घेऊन बसले. बाईंनी दांडी दोनावर आणली, आणि या वेळी पाय अगदी हलका टेकवला. शीळ वाजली. गाडी सावकाश, न कुरकुरता वळणाला लागली. हरिभाऊ रस्त्याकडे बघतच नव्हते. चाकावरचे बायकोचे हात, दातांत धरलेला ओठ, आरशाकडे जाऊन परत येणारी नजर, एवढंच ते बघत होते.

"सुरेख चालवतेस की गं," ते माथ्यावर पोचल्यावर म्हणाले.

"आज कळलं?"

"आजच दिसलं," हरिभाऊ म्हणाले. "इतकी वर्षं मी फक्त मागची चाकं बघत होतो."