कुलपातला अर्ज

माझी बायको कावेरी जाऊन चाळीस दिवस झाले होते आणि तिचा कॉम्प्युटर रोज बंद पडत होता. चौसाळ्यात आमच्या किराणा दुकानामागच्या खोलीत ती टायपिंग करायची. बायकांचे अर्ज मात्र वेगळ्या, कुलपातल्या ड्राइव्हमध्ये ठेवायची. पासवर्ड टाकला की तो दिसायचा, बंद केला की नाहीसा व्हायचा. पासवर्ड तिने मला दवाखान्यात सांगितला होता. पण मी तो टाकला की पडदा निळा व्हायचा आणि मशीन गप्प.

कडूबाई तीनदा येऊन गेली. ऊसतोडीला जाणारी बाई. तिचा अर्ज त्यात होता, सोमवारी बीडला साहेबांकडे द्यायचा होता.

"पुन्हा सांग, दुसरीकडे टाइप करून घेऊ," मी म्हणालो.

"न्हाई आप्पा. ते एकदा अक्कांना सांगितलं. पुन्यांदा माझ्या तोंडातून निघायचं न्हाई."

ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा उत्तरेश्वर मुकादम माझा तीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याने स्वतःहून बीडचा दुरुस्तीवाला आणला, राधाकिशन. त्याने दोनदा मशीन चालू-बंद केलं आणि माझ्या उंबऱ्याशी गुटखा थुंकला.

"करप्ट झालंय काका. फॉरमॅट मारतो. नवं कोरं."

"आतले कागद?"

"ते जाणार."

"जाऊ दे बे," उत्तरेश्वर खुर्चीत पाय पसरून म्हणाला. "मेलेल्या बाईचे कागद कशाला जपतो? मार रे फॉरमॅट!"

मला किळस आली. "हात लावू नको," म्हणालो आणि दोघांना बाहेर काढलं.

रविवारी कडूबाई पुन्हा आली. मी पासवर्ड टाकायला बसलो तेव्हा ती पडद्याच्या कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाली, "अक्का आधी ते मराठीचं बंद करायच्या. म्हणायच्या, ह्या दोघी सवती हायत, एका घरात नांदत न्हाईत."

घड्याळाशेजारी मराठी टायपिंगचं चिन्ह होतं. मशीन चालू केलं की ते आपोआप सुरू व्हायचं. मी ते बंद केलं, पासवर्ड टाकला. पडदा निळा झाला नाही. ड्राइव्ह उघडला.

मी अर्ज न वाचता छापायला दिला. पण आमचा प्रिंटर करकरत एकेक ओळ बाहेर टाकतो. चौथ्या ओळीत 'रात्री कोपीत, माझ्या झोपडीत शिरला' आलं, पाचवीत उत्तरेश्वरचं नाव.

तो आला की कावेरी उठून आत जायची. मीच तिच्यावर ओरडायचो, "माणूस दारात आलाय, च्या तरी विचार!" ती करून द्यायची. माझ्याच कपबशीत.

कागदाच्या तळाशी साक्षीदार म्हणून कावेरीचं नाव होतं. तिच्याखाली माझं नाव लिहायला मी पेन काढलं.

"तुमी काय बघितलं आप्पा?" कडूबाईने विचारलं.

"त्याला फॉरमॅट मार म्हणताना बघितलं. तेवढंच लिहितो."