थुंकी नव्हे, बेडका

रुग्णालयाच्या प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञ बाईंना सगळ्या वॉर्डांत पाठीमागे ‘परतबाई’ म्हणत. तपासणीला आलेला नमुना धड नसला की त्या सरळ परत पाठवत. बावीस वर्षं नर्सेसची बोलणी खाल्ली, पण हट्ट सोडला नाही.

त्या मंगळवारी न्यूमोनिया झालेल्या एका वयस्कर शिंप्याची डबी तिसऱ्यांदा आली. बाईंनी काचपट्टी रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली धरली. पुन्हा नुसत्या गालाच्या पेशी! म्हणजे ही तोंडातली थुंकी. छातीतलं त्यात काहीच नाही. चार दिवस नेहमीचं अँटिबायोटिक चालू होतं आणि ताप हटायचं नाव घेत नव्हता.

या खेपेला बाई स्वतःच नवी डबी घेऊन दोन जिने चढल्या.

शिंपीकाका उशांना टेकून धापा टाकत होते. शेजारी सून बसली होती.

“काका, खोकून द्या म्हटलं तर नुसतं थुंकता होय?”

काकांनी सुनेकडे चोरून पाहिलं आणि मान खाली घातली. बाई काय ते समजल्या.

“ताई, तुम्ही जरा चहा घेऊन या बरं.”

सून गेल्यावर काका पुटपुटले, “सुनेसमोर असलं घाणेरडं कसं हो काढायचं?”

“आजाराला कसली लाज? चोर लपलाय माजघरात आणि तुम्ही शोधताय अंगणात!”

बाईंनी त्यांना चूळ भरायला लावली, पुढे वाकवून बसवलं, पाठीवर थापट्या मारल्या. दोन खोकले वाया गेले.

“राहू द्या आता,” काका कळवळले.

“अजून एकदा. मी कुठे जात नाही.”

तिसऱ्या खोकल्याबरोबर विटकरी रंगाचा दाट बेडका डबीत पडला.

या वेळी काचपट्टीवर पुवाच्या पेशींची दाटी होती, आणि त्यांच्यात काड्यांसारखे जाडजूड गुलाबी जंतू. न्यूमोनियाचा नेहमीचा जंतू दिसतो जांभळा, दोन-दोन ठिपक्यांच्या जोडीत. हा तो नव्हताच. बाईंनी वॉर्डातल्या तरुण डॉक्टरांना फोन लावून जंतू वेगळाच असल्याचं सांगितलं.

“मोठे साहेब म्हणालेत, आहे तेच चालू ठेवा. जंतू वाढवून रिपोर्ट येईल, तेव्हा बघू.”

“तोवर तग धरायला काकांकडे दम हवा ना! खाली या, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.”

डॉक्टर कुरकुरत आले. बराच वेळ डोळा लावून बसले.

“गुलाबी आहेत,” ते हळूच म्हणाले.

“क्लेब्सिएला वाटतोय. नाव पक्कं व्हायला दोन दिवस लागतील. पण तो असेल तर तुमचं औषध त्याच्या केसालाही धक्का लावणार नाही.”

डॉक्टरांनी तिथूनच साहेबांना फोन केला. आधी बोलणी बसली, मग परवानगी मिळाली. दुपारच्या आत औषध बदललं.

दुसऱ्या दिवशी जंतू वाढवायच्या प्लेटवर चिकट, बुळबुळीत ठिपके उगवले; सळईच्या टोकाने उचलले की पाकासारखी तार सुटत होती. गुरुवारी नाव पक्कं झालं: क्लेब्सिएलाच. जुनं औषध त्यावर निकामी, नवं लागू. काकांचा ताप तोवर उतरूही लागला होता.

औषध बदलल्यापासून नवव्या दिवशी काका सुनेचा हात धरून, पावलापावलाला थांबत घरी गेले. ही बातमी तरुण डॉक्टरांनी मुद्दाम खाली येऊन सांगितली.

“बरं झालं,” बाई म्हणाल्या. हात धुतले आणि कधी नव्हे तो जेवणाचा डबा वेळेवर उघडला.