उलट्या क्रमाने

पडद्याच्या खालच्या कडेला चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठीचा खालचा कोपरा सुटून वर वळला होता आणि पंख्याचा वारा आला की नुसता थरथरत होता. चिठ्ठीवर त्याच्याच अक्षरात लिहिलेलं – ओळ पूर्ण निवडली का? – आणि प्रश्नचिन्हाखालचं टिंब इतकं दाबून काढलेलं की तिथे कागदाला जवळजवळ भोक पडलं होतं. त्याने अंगठ्याने कोपरा दाबला. चिकटला. अंगठा काढला, सुटला. पुन्हा दाबला, आणि दाबून धरलेल्या अंगठ्याच्या वर, पडद्यावर, तेच होतं जे मघाशी होतं – चौतीस टक्के. अंदाजे उरलेला वेळ, सहा हजार चारशे वीस सेकंद. म्हणजे पावणेदोन तासांच्या वर. बारा वाजायला वीस मिनिटं कमी होती.

रुग्णालयात त्याला सगळे 'मशीनचे डॉक्टर' म्हणत. वर खऱ्या डॉक्टरांची काही कमी नव्हती, पण त्या सगळ्यांना ज्याच्यावाचून एक गोळीसुद्धा लिहून देता येत नाही ते यंत्र या तळमजल्यावरच्या थंड खोलीत होतं आणि त्याची नाडी हा धरून बसलेला. कुठली क्वेरी, म्हणजे यंत्राला विचारलेला प्रश्न, रेंगाळते आहे, कोण कुणाची वाट अडवून बसलं आहे, डिस्क कधी भरणार – सगळं त्याला पडद्यावर दिसायचं, आणि दिसण्याआधी कानाला कळायचं, कारण कामाचा ताण वाढला की यंत्राचे पंखे वरच्या पट्टीत जात. आत्ता ते वरच्या पट्टीत होते. टेबलावरचे दोन्ही फोन वाजत होते. त्यातला एक त्याने उचलला, कारण तो विभागप्रमुखांचा होता आणि न उचलून चालणार नव्हतं.

"अहो, औषधांच्या खिडकीवर रांग दारापर्यंत गेलीय. काय चाललंय काय?"

"अडकलंय साहेब. सुटेल."

"बंद करून चालू करा ना. माझ्या घरचा टीव्ही तसाच वठणीवर येतो."

"आत्ता बंद केलं तर चालू झाल्यावर ते हेच काम पुरं करायला बसेल, आणि तोवर काहीच उघडणार नाही. आता निदान जुने रिपोर्ट तरी दिसतायत."

"मग करायचं काय?"

"थांबायचं."

"नुसतं?"

"नुसतं."

पलीकडून एक मोठा श्वास आला आणि फोन ठेवला गेला. अडकलंय म्हणे... जणू आपोआप अडकलं होतं, जणू जिन्यात एखादं कपाट अडकावं आणि त्यात कुणाचाच हात नसावा. हाताखालच्या माणसाने हे उत्तर दिलं असतं तर याने त्याला उभा-आडवा घेतला असता. कशाने अडकलं, कुणी अडकवलं, किती वाजता, कुठल्या मशीनवरून – हे चार प्रश्न तो झोपेतसुद्धा विचारू शकला असता. आज चारही प्रश्नांचं उत्तर एकच होतं आणि ते त्याच्याच खुर्चीत बसलं होतं.

सकाळी आठला ताईला आणलं होतं, पोट धरून, ओठ पांढरे पडलेले. भावोजींनी तिला व्हीलचेअरवर बसवलं, खालच्या खिडकीवर तिच्या सासरच्या नावाने नवी फाइल उघडली गेली, आणि त्याला ते कळलं तेव्हा पहिली गोष्ट आठवली ती ही, की ताईची एक जुनी फाइल आहे, माहेरच्या नावाची, आणि त्या फाइलीत एक नोंद आहे. भुलेच्या औषधाची. ते औषध ताईला पुन्हा कधीही द्यायचं नाही, अशी. ती नोंद नव्या फाइलीवर आणायची म्हणजे दोन मिनिटांचं काम. अशा कामाचा नियम होता – फॉर्म भरायचा, दुसऱ्या कुणाची सही घ्यायची, आधी चाचणीच्या मशीनवर करून बघायचं – आणि तो नियम त्यानेच लिहिलेला होता. पण घरच्या माणसासाठी कसला फॉर्म.

दोन ओळी. पहिलीत म्हटलेलं, ॲलर्जीच्या टेबलात, म्हणजे नोंदींच्या तक्त्यात, फाइल क्रमांक बदलून ताईचा नवा क्रमांक घाल. दुसरीत अट – जिथे ताईचा जुना क्रमांक असेल तिथेच. आणि मग माउसने निवडताना... भावोजींचा फोन आला, डाव्या हाताने तो उचलला, उजव्या हाताने बटण दाबलं. जेवढं निवडलेलं असतं तेवढंच यंत्र चालवतं. निवडलेली होती फक्त पहिली ओळ. यंत्राने काही विचारलं नाही. भावोजी म्हणाले, जरा वर येता का, मला या लोकांचं काही कळत नाही, आणि तो पडद्याकडे न बघताच उठला.

वर ताई म्हणाली होती, "आलास? आता मी सुटले." तिचा हात गार होता. तो तासभर तिच्याजवळ बसला, डॉक्टरांशी बोलला, स्कॅनच्या खोलीबाहेर उभा राहिला, आणि तो तासभर खाली त्याची अट नसलेली ओळ वीस वर्षांच्या नोंदींमधून, त्रेचाळीस लाख ओळींमधून, शांतपणे चालत गेली आणि एकेकाचा क्रमांक पुसून तिथे ताईचा घालत गेली.

परत येऊन त्याने ते पाहिलं तेव्हा आधी हसू आलं. खरंच आलं. मग त्याने काम तोडलं, आणि तोडलं म्हणजे यंत्र जिथे होतं तिथून मागे फिरलं, केलेलं एकेक परत करत. ते तसंच असतं. नोंद अर्धी बदललेली आणि अर्धी तशीच, असं ते कधी ठेवत नाही. एक तर सगळं नाही तर काहीच नाही. या गुणासाठीच तर तो त्याच्यावर जीव टाकायचा. नवशिक्यांना शिकवताना तो हे इतक्या प्रेमाने सांगायचा की मागच्या बाकावरची पोरं एकमेकांना कोपराने ढोसायची. परत करायला मात्र ते घाई करत नाही, आणि परत करतं ते उलट्या क्रमाने. शेवटी बदललेलं आधी. सगळ्यात आधी बदललेलं सगळ्यात शेवटी.

आणि ताईची नोंद जुनी होती. टेबलातल्या पहिल्या दोन-तीन हजारांत कुठेतरी. म्हणजे नव्व्याण्णव टक्क्यांनंतर.

छत्तीस. कालचा बॅकअप त्याने शेजारच्या मशीनवर उतरवायला लावला होता, तिथे चार तास दाखवत होतं. तो दोन्ही आकड्यांकडे आलटून पालटून बघत होता, जणू बघितल्याने लाजून तरी ते पुढे सरकतील.

कार्ड होतं ना. जाड कागदाचं, पोस्टकार्डाहून थोडं मोठं... ताई चोवीस वर्षांची, कोपराचं हाड मोडलेलं, वडील बाहेरगावी, आणि सही करायला घरातला पुरुष म्हणून हा, एकोणीस वर्षांचा, हातात ताईच्या बांगड्या रुमालात बांधून. अर्ध्या तासाचं काम म्हणाले आणि अडीच तास दार उघडलं नाही. मग डॉक्टर बाहेर आले, त्यांच्या काखेत सदरा भिजलेला, म्हणाले, भूल देतानाच रक्तदाब एकदम खाली गेला, पण आहे, आता आहे. तो 'आहे' त्याला अजून ऐकू येतो. पंधरा दिवसांनी तपासण्या करून कुठलं औषध ते नक्की शोधलं आणि हे कार्ड दिलं. लाल शाई. नाव मोठ्या अक्षरात, खाली दोन रेघा, दुसरी रेघ शेवटी थोडी वर गेलेली. हे जन्मभर जपायचं, डॉक्टर म्हणाले. कार्डाच्या मागे कुणीतरी हिशेबाची वजाबाकी केली होती, ती आठवते – सातशे बारातून तीनशे पंचेचाळीस. वजाबाकी आठवते! रेघ आठवते. आणि नाव? मी वाचलं होतं. मी घरी जाताना रस्ताभर म्हणत होतो ते, चालण्याच्या ठेक्यावर. ठेकासुद्धा आठवतो, आत शब्द नाही.

वीस वर्षांपूर्वी रुग्णालयात कॉम्प्युटर आले तेव्हा जुन्या फायली टाइप करून रद्दीत काढायला जी माणसं घेतली त्यात तो होता. ताईची फाइल त्याने मुद्दाम स्वतः भरली. नाव दोनदा तपासलं. आणि संध्याकाळी घरी जाऊन कार्ड फाडून टाकलं, ताईला न विचारता. आता कशाला कागद, मशीनमध्ये आहे. केवढा अभिमान वाटला होता तेव्हा. त्यानंतर तो शब्द लक्षात ठेवायचं काही कारणच उरलं नाही, आणि तो कधी गेला ते कळलंही नाही.

काम चालू असताना यंत्र नोंदींना जे कुलूप लावतं ते न मानता, आत कच्चं काय आहे ते डोकावून बघायची एक सोय असते. इतरांना तो ती वापरू देत नसे. आता त्याने ती वापरली. भरणाऱ्याचं नाव – त्याचं. तारीख – जुन्या फायली भरल्या त्या दिवसाची. एकट्या ताईची ओळ निघायला हवी होती... पण तेव्हा त्याने घाईघाईत सगळ्या जुन्या फायलींना एकच तारीख टाकून दिली होती. दोन हजार तीनशे अठरा ओळी आल्या. सगळ्यांसमोर ताईचा नवा क्रमांक. पेनिसिलिन, सल्फा, शेंगदाणे, आयोडीन, मधमाशी, भुलेची एक ना अनेक औषधं, त्यातलं प्रत्येक कुणा ना कुणाला कधीतरी बाधलेलं. या घटकेला जगातलं एकही औषध ताईला चालत नव्हतं. तो ओळी खाली सरकवत राहिला, कुठेतरी डोळा अडकेल म्हणून. पाच ठिकाणी अडकला. मग नऊ ठिकाणी.

दुसरा फोन कितीतरी वेळ वाजत होता. तो भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाईंचा होता.

"तुमच्या बहिणीला आत घेतोय. आतड्याला पीळ बसलाय, आता थांबता येणार नाही. पूर्वी भुलेला त्रास झाला होता म्हणतात. कुठल्या औषधाचा?"

"नोंद आहे मॅडम. दीड तासात दिसेल."

"दीड तास नाहीये माझ्याकडे. त्या काळी साधारण पाच औषधं वापरायचे, त्यातली दोन आजही लागतात. एक कळलं तर मी तेवढंच टाळेन. पाचही टाळून भूल देणं म्हणजे... सोपं नाही. मी नावं वाचते, तुम्ही सांगा."

त्यांनी वाचली. सावकाश, एकेक, मध्ये थांबून. पहिलं ऐकलं आणि वाटलं, हेच. दुसरं ऐकलं आणि अंगावर काटा आला, हेच. तिसरं त्या चालण्याच्या ठेक्यात नेमकं बसलं. चौथंही बसलं. पाचवं त्या वाचत असताना तो डोळे मिटून लाल अक्षरं समोर आणत होता, आणि लाल अक्षरं आज्ञाधारकपणे त्यांचा आवाज उमटवत होती, जे म्हणतील ते, खाली दोन रेघा काढून.

"पुन्हा वाचाल?"

त्यांनी पुन्हा वाचली. "तिसरं," तो म्हणणारच होता. जीभ उचललीसुद्धा होती. आणि तेवढ्यात त्याला कळलं की आपण जे सांगू ते खरं धरलं जाणार आहे. मशीनचे डॉक्टर म्हणाले म्हणून. कुणी उलट तपासणार नाही.

"मॅडम, ते मशीन अडकलेलं नाही," तो म्हणाला. "मी केलंय ते."

"काय?" त्यांच्या मागे चाकांचा आवाज येत होता. "हे बघा, ते नंतर. नाव आठवतंय का?"

"नाही."

"थांबा, त्यांच्याशीच बोला. त्या मघापासून म्हणतायत, भावाला विचारा, त्याला माहीत आहे."

खरखर झाली. मग ताईचा श्वास, तोकडा.

"अरे, सांग की त्यांना. ते नाव. तुला पाठ होतं ना. घरी येऊन तीनदा म्हणून दाखवलं होतंस, मी अंथरुणावर आणि तू दारात उभा."

"तुला आठवतं ताई? मी काय म्हणालो होतो?"

"मला?" ती हसली असावी, किंवा कळ आली असावी. "मी कशाला लक्षात ठेवू? तू होतास ना."

फोन तिच्या कानावरून कुणीतरी घेतला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ठीक आहे, मी बघते, आणि दार उघडल्याचा, मग मिटल्याचा आवाज आला, मग नुसता लांब सूर. त्याने रिसीव्हर ठेवला नाही. एकोणचाळीस टक्के झाले होते आणि ते त्याला दिसत होते, पण त्यांची वाट बघणं आत कुठेतरी थांबलं होतं, एकदम, खोलीतला एखादा आवाज थांबावा तसं. तू होतास ना. तो होता. त्या दिवशी दारात होता, कार्ड फाडताना होता, सकाळी बटण दाबताना होता, आणि आत्ताही होता, तिच्यापासून तीन मजले खाली, आणि पाचही नावं त्याच्या तोंडात होती, सारखीच ओळखीची, आणि तो ती एकेक करून हळू आवाजात म्हणत होता, पुन्हा पहिल्यापासून.