शिंपल्यातला चिखल

"काका, ही काच बघा. काय सुरेख घासलीय तिनं!" मॅडम म्हणाल्या आणि काकांच्या पोटात दुखायला लागलं.

चुनखडीचा तुकडा कापायचा, काचेवर चिकटवायचा आणि उजेड आरपार जाईल इतका पातळ घासायचा, हे काम काका मॅडमच्या प्रयोगशाळेत अठ्ठावीस वर्षं करत होते. समुद्राच्या तळाशी कधीकाळी साचलेला तो गाळ. त्या काचा बघून मॅडम त्या समुद्राचा इतिहास लिहायच्या. 'काकांची काच' म्हटलं की कुणी पुन्हा तपासत नसे. सहा महिन्यांपूर्वी ही नवी मुलगी काकांच्या हाताखाली आली. वक्तशीर, हसतमुख, हात तर असा की बघत राहावं. तिच्यात एकही खोट सापडत नव्हती, हीच काकांच्या लेखी तिची मोठी खोट होती.

"नवीचं कसं चाललंय?" असं बायकोनं परवा विचारलं, तेव्हा काका फणकारले होते, "नाकानं कांदे सोलते!"

"म्हणजे काम चांगलं करते तर," बायको म्हणाली.

काकांनी नाइलाजानं काच हातात घेतली. काचेवर लाल बाण होता. समुद्रात असताना दगडाची वरची बाजू कुठली, ते बाण सांगतो; तो आधी दगडावर काढायचा, मग काचेवर. ज्या दगडातून हा तुकडा कापला तो त्यांनी शेजारी ठेवला, आणि त्यांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या. दगडावरचा बाण नेमका उलट होता.

"मॅडम, हिनं तुकडा उलटा चिकटवलाय!" सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात काका म्हणाले. "समुद्राचा तळ वर आणि पाणी खाली! आता तुमचा अख्खा लेख शीर्षासन करणार."

मॅडमनी काच खिडकीशी धरून भिंग लावलं.

"यात शिंपला आहे, काका. आत शिरलेला चिखल तळाशी बसतो, वरच्या पोकळीत मागाहून स्फटिक भरतो. काचेवर चिखल खालीच दिसतोय. काच बरोबर आहे, दगडावरचा बाण चुकलाय. कुणी काढला?"

शिंपल्यातला चिखल बघायला नवीला काकांनीच शिकवलं होतं, पहिल्याच दिवशी.

"मीच काढला," नवी म्हणाली. "घाईत उलटा झाला. काचेवर सरळ करून घेतला."

काकांनी दगड अगदी डोळ्यांजवळ नेला. बाणाच्या शेपटीला दोन फाटे होते. असा बाण त्या इमारतीत एकच माणूस काढायचा. वर्षभर त्यांना सगळं धुरकट दिसत होतं आणि हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. असे किती बाण हिनं गुपचूप सरळ केले असतील?

गप्प बसले असते तर निभावून गेलं असतं. पण काकांचा जळफळाट झाला. कामात ही पुढे, आणि आता मनाच्या मोठेपणातही हीच पुढे?

"खोटं बोलतेय ती!" ते खेकसले. "बाण माझा आहे. उलटाही मीच काढलाय."

मॅडमनी काच हळूच पेटीत ठेवली.

दुपारी नवे दगड आले. काकांनी लाल रंगाची बाटली उघडली, कुंचला बुडवला आणि पहिला दगड नवीसमोर धरला.

"वर कुठलं?"

तिनं भिंगातून पाहिलं आणि बोट ठेवलं. "इकडे, काका."

तिच्या बोटाच्या रोखानं काकांनी बाण काढला. शेपटीला दोन फाटे द्यायला मात्र ते विसरले नाहीत.